पाटी नसलेली जेवणघरं: वर्ध्याच्या खानावळींचा इतिहास शोधताना

पीएचडी करणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला म्हणजे "कधी संपणार?" त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तेव्हा तो सोडून देऊ. दुसरा प्रश्न विषय कळल्यावर येतो. माझा विषय आहे विदर्भातल्या छोट्या शहरांमधली खानावळी, चहाची हॉटेलं आणि बाहेर जेवण्याचा सामाजिक इतिहास. एवढं सांगून होतं न होतं तोच समोरचा म्हणतो, "वा! मग वर्ध्यात जेवायला कुठं जायचं ते सांग. गूगलवर नसलेलं."

फेब्रुवारी २०२३मध्ये वर्ध्यात ९६वं मराठी साहित्य संमेलन झालं. त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही झालं. पुण्यामुंबईचे माझे बरेच मित्र आले होते आणि त्या आठवड्यात हा प्रश्न मी किती वेळा ऐकला याची गणती नाही. मी उत्साहानं याद्या पाठवल्या. सकाळी तर्री पोहे इथे, आलूबोंडा तिथे, पाटवडी-रस्सा अमुक गल्लीत, गोरसपाक बांधून घ्या. मंडळी खूश झाली. मला मात्र नंतर चुटपुट लागली. 'फारशी माहीत नसलेली' ठिकाणं म्हणून मी जी यादी दिली होती, ती खरं तर मला माहीत असलेल्या ठिकाणांची होती. एखादं जेवणघर 'माहीत नसलेलं' राहतं तेव्हा ते नेमकं कुणाला माहीत नसतं आणि का? आजची पोस्ट या प्रश्नावर आहे. शेवटी तुम्हाला एक काम सांगणार आहे, तेव्हा मधूनच पळू नका.

आधी शब्द नीट लावून घेऊ

संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी एक ढोबळ चूक केली. जुन्या कागदांमध्ये मी 'रेस्टॉरंट' आणि 'हॉटेल' हे दोनच शब्द शोधत बसलो. हाती फारसं काही लागलं नाही. लागणार कसं? आपल्याकडे बाहेर खाण्याच्या जागेला एक नाव कधीच नव्हतं. महिन्याचे पैसे भरून घरगुती जेवण मिळतं ती खानावळ. उपाहारगृहात फराळाचे पदार्थ, भोजनालयात ताट. मारवाडी व्यापारी ज्या पेठांमध्ये गेले तिथे त्यांच्या जेवणाची सोय करणारा 'बासा' असायचा. रेल्वेच्या कागदांत 'रिफ्रेशमेंट रूम' असते. आणि 'हॉटेल' म्हणाल तर इंग्रजीत तिथे राहायला खोली मिळते, आपल्या गावच्या बसस्टँडवरच्या हॉटेलात मात्र एक भट्टी, दोन बाकडी आणि आलूबोंड्यांनी भरलेली परात असते. राहायला गेलात तर मालक हाकलून देईल.

अशाच एका हॉटेलवाल्या काकांना मी माझं काम समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "काहून बाप्पा, हॉटेलीचा काय इतिहास राहते? भट्टी पेटली, चहा झाला, लोकं पिऊन गेले. संपला इतिहास."

काकांच्या बोलण्यात अर्थ होता. ज्या गोष्टी रोज घडतात आणि रोज संपतात, त्या नोंदवाव्यात असं कुणाला वाटत नाही. राज्य सरकारच्या जिल्हा गॅझेटिअरांच्या मालिकेत अशा व्यवसायांसाठी एक वेगळं प्रकरण असतं, किरकोळ व्यवसायांचं. हॉटेलं तिथे न्हाव्याची दुकानं, लॉण्ड्री, शिंपी, सायकल दुरुस्ती आणि पानठेल्यांच्या रांगेत बसलेली दिसतात. तिथे भांडवल किती, नोकर किती हे कळतं. पण तिथे कोण बसत होतं आणि कोण बाहेर उभं राहत होतं हे कळत नाही.

कापसाच्या गाड्या आणि शिदोरी

वर्धा हे तसं तरुण शहर. १८६२मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला. मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं, ते १८६६मध्ये पालकवाडी या छोट्या गावी हलवलं आणि तिथे आखून-रेखून नवं शहर वसवलं. पुढच्याच वर्षी, १८६७मध्ये, जीआयपी रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. म्हणजे हे शहर कचेरी आणि रेल्वे या दोन पायांवरच उभं राहिलं. त्याच्या आसपास तिसरी गोष्ट घडत होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि इंग्रजांची नजर हिंगणघाटच्या कापसावर खिळली. हिंगणघाटची पेठ त्याआधीपासूनच नावाजलेली होती, आता तिचं नाव परदेशी बाजारभावाच्या कागदांवर दिसू लागलं. १८७०च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशापर्यंत रूळ गेले. पुढे हिंगणघाट आणि पुलगावला कापडगिरण्या आल्या. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने तर गावोगावी.

आता विचार करा. हंगामात कापसाच्या शेकडो बैलगाड्या बाजारात येतात. गाडीवान रात्र रात्र रांगेत असतात. ही माणसं जेवत कुठे होती?

मला वाटायचं, इथेच पहिल्या खानावळी सापडतील. पण बहुतेक गाडीवान हॉटेलात जातच नसत. बरोबर शिदोरी असायची, भाकरी, ठेचा, कांदा. मुक्काम लांबला की गोवऱ्या पेटवून त्यात रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी करायची. आज रोडगे म्हटलं की आपल्याला देवाचा नवस, शेतातली पंगत किंवा हायवेवरचा 'अस्सल वऱ्हाडी' ढाबा आठवतो. पण भांडी कमी, तवा नाही, इंधन म्हणजे गोवरी, अशा परिस्थितीत पोटभर अन्न करायची ती रीत आहे. प्रवासी माणसाला ती सोयीची.

यात पैशाचा प्रश्न होताच, पण एवढाच नव्हता. दुसऱ्याच्या हातचं खायचं की नाही हा त्याहून मोठा प्रश्न होता. अनोळखी माणसानं रांधलेलं, अनोळखी माणसाशेजारी बसून खाणं म्हणजे जात बाटण्याची भीती. त्यामुळे आपल्याकडे बाहेर खाण्याच्या जागा उभ्या राहिल्या त्या बहुतेक 'आपल्या' माणसांसाठी. ब्राह्मणांची खानावळ वेगळी, मारवाड्यांचा बासा वेगळा, मुसलमानांचं हॉटेल वेगळं. नागपूरची सावजी जेवणघरंही हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरगुती रांधण्यातून पुढे आली. आज तिथे सगळं नागपूर घाम पुसत जेवतं, पण मुळात ती एका समाजाची चूल होती.

रेल्वे स्टेशनवर तर हे उघडच लिहिलेलं असे. 'हिंदू चहा', 'मुसलमान चहा', 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी'. गाडी एक, रूळ एक, तिकिटाचा दर एक, पण फलाटावरचे माठ दोन. आणि ज्याला हिंदू माठावरचा पाणक्याही वरून, लांबून पाणी ओतणार, त्याचा तिसरा माठ कुठेच नव्हता.

सगळ्यात मोठं जेवणघर, ज्यावर पाटी नव्हती

आता जरा पुढे येऊ, १९३०च्या दशकात. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बल्लारशाहपासून पुढचा रूळ काझीपेठला जोडला गेला आणि वर्धा दिल्ली-मद्रास मार्गावर आलं. मुंबई-कलकत्ता मार्गावर ते होतंच. देशाच्या चारही दिशांची माणसं जिथे सोयीनं उतरू शकतील असं हे गाव झालं. १९३४मध्ये गांधीजी इथे आले, आधी मगनवाडीत राहिले आणि एप्रिल १९३६च्या अखेरीस शेगाव या खेड्यात गेले. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा म्हणून १९४०मध्ये त्याचं नाव सेवाग्राम ठेवलं.

या काळात वर्ध्यात येणाऱ्या पाहुण्यांची यादी शाळेच्या पुस्तकात आहे. ते काय बोलले, कोणते ठराव झाले तेही आहे. १४ जुलै १९४२चा काँग्रेस कार्यकारिणीचा ठराव, ज्यातून पुढे 'भारत छोडो' आलं, तो वर्ध्यातलाच. पण या सगळ्यांना जेवायला कोण घालत होतं?

उत्तर आहे बजाजवाडी. जमनालाल बजाजांची ही वास्तू म्हणजे काँग्रेसची अतिथिशाळाच होती. बैठक असली की पंगतींवर पंगती उठायच्या. माझं म्हणणं असं की १९३०च्या दशकात वर्ध्यातलं सगळ्यात मोठं जेवणघर हेच होतं. त्यावर पाटी नव्हती, गल्ला नव्हता, म्हणून कुणी त्याला जेवणघर म्हणत नाही. जेवलेल्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. पहाटे उठून कणीक मळणाऱ्यांची, भांडी घासणाऱ्यांची नावं शोधायला गेलं की कागद गप्प होतात.

दुसरं जेवणघर सेवाग्राम आश्रमाच्या रसोड्यातलं. इथला प्रयोग जास्त धीट होता. अस्पृश्यता पाळणाऱ्याला आश्रमात जागाच नव्हती. एका स्वयंपाकघरात शिजलेलं सगळ्यांनी एका पंगतीत खायचं आणि कामही वाटून घ्यायचं. जेवण कसं, तर हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, साखरेऐवजी गूळ, उकडलेल्या भाज्या. मगनवाडीत असताना गांधीजींनी सोयाबीनचे प्रयोग केले, कडुनिंबाच्या पाल्याची चटणी पानात आणली. बाहेरून आलेल्या भल्याभल्यांचे चेहरे ती चटणी खाताना कसे झाले असतील, तुम्हीच कल्पना करा! आजच्या भाषेत याला कुणी 'हेल्दी मेन्यू' म्हणेल. पण त्यामागे अर्थकारण होतं. डिसेंबर १९३४मध्ये स्थापन झालेला अखिल भारत ग्रामोद्योग संघ आणि त्याचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांचं गणित असं की तांदूळ गिरणीत गेला की सत्त्वही जातं आणि गावातल्या कांडणाऱ्या बाईची मजुरीही. तेच घाणीच्या तेलाचं, तेच गुळाचं. म्हणजे ताटातला प्रत्येक पदार्थ कुणाला रोजगार देतो याचा हिशेब तिथे मांडला जात होता.

तिसरं ठिकाण तुम्हाला माहीत आहे, पण जेवणघर म्हणून नाही. गोरस भांडार. वर्ध्यात लहानपण गेलेल्या माणसाला 'गोरसपाक' म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. तुपातलं, खुसखुशीत, तोंडात विरघळणारं बिस्किट. बाहेरगावी शिकायला गेलेल्या पोरांच्या बॅगेत आई पहिल्यांदा तेच कोंबते. पण या बिस्किटामागे एक मोठा वाद आहे. गांधीजींचं म्हणणं होतं की गाय वाचवायची तर तिच्या नावानं घोषणा देऊन भागणार नाही, तिचं दूध आणि तूप विकलं गेलं पाहिजे. म्हशीच्या दाट दुधापुढे गायीचं दूध बाजारात हरतं आणि मग शेतकऱ्याला गाय परवडत नाही. या विचारातून १९४१मध्ये वर्ध्यात गोसेवा संघ निघाला. जमनालालजींनी आयुष्याचे शेवटचे महिने गोपुरीत राहून याच कामाला दिले. ११ फेब्रुवारी १९४२ला ते गेले. या भागाची स्वतःची गाय आहे, गवळाऊ. पांढरी, चपळ, आर्वी-कारंजा भागातल्या नंदगवळ्यांनी जपलेली, जिचे बैल गाडीला आणि शेताला नावाजलेले. हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं केंद्र आहे. गायीच्या दुधाला गिऱ्हाईक मिळालं पाहिजे या विचाराची चव आज आपल्या जिभेवर आहे, आपण तिला फक्त बिस्किट म्हणतो.

माझी यादी कुठे चुकली

इथपर्यंत माझं प्रकरण छान लिहून झालं होतं. गाइडना आवडलं होतं. मग मी मुलाखतींना सुरुवात केली. ऐंशी पार केलेल्या माणसांना मी एक ठरलेला प्रश्न विचारायचो, "तरुणपणी तुमचं आवडतं हॉटेल कोणतं होतं?" लोक खुलायचे. कुठल्या हॉटेलात रेडिओ होता, कुठे उधारी चालायची, कुठे मिसळीवर तर्री फुकट मिळायची.

एका गावात एका आजोबांनी हा प्रश्न ऐकला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, त्यांच्या वडिलांचा कप हॉटेलच्या बाहेर, कुडाच्या खुंटीला टांगलेला असे. चहा वरून ओतायचा, पिऊन कप स्वतः धुवायचा, परत खुंटीला लावायचा. "मले आवडतं हॉटेल काय पुसता? आमी आत कुठं बसलो होतो?"

मी वही बंद केली. हे मला पुस्तकातून माहीत नव्हतं असं नाही. बाबा आढावांनी १९७०च्या दशकात 'एक गाव, एक पाणवठा' मोहीम काढली तेव्हा गावोगावच्या वेगळ्या पाणवठ्यांबरोबर हे वेगळे कपही पुढे आले होते. माहीत असूनही माझा प्रश्न मात्र हॉटेलच्या आत बसणाऱ्यासाठीच बेतलेला होता. 'माहीत नसलेली हॉटेलं' शोधणारा मी, ज्यांना हॉटेलचा उंबरा माहीत होऊ दिला नव्हता त्यांना विसरलो होतो.

त्यानंतर मी माझा सगळा प्रश्न उलटा केला आणि तो असा झाला. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजींनी १९२८मध्ये सर्वांना खुलं केलं. ही देशातली फार महत्त्वाची घटना, ती पुस्तकांत आहे आणि तिला तारीख आहे. पण वर्धा जिल्ह्यातल्या पहिल्या चहाच्या हॉटेलात सगळ्यांना एकाच प्रकारच्या कपात, आत बसून चहा कधी मिळाला? मंदिर खुलं झालं तो दिवस साजरा होतो. हॉटेल खुलं झालं त्याची तारीख कुणी लिहून ठेवली नाही, आणि माझ्या मते रोजच्या जगण्यात ती मंदिराइतकीच मोठी गोष्ट होती. देवळात माणूस कधीमधी जातो, चहा रोज लागतो.

महाराष्ट्रात हे काही लोकांनी फार आधी ओळखलं होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या महार समाजातल्या माणसाला चहाचं हॉटेल काढून दिलं. कांबळ्यांनी त्याला 'सत्यसुधारक' नाव दिलं. महाराज स्वतः तिथे थांबून चहा प्यायचे, बरोबरच्यांनाही पाजायचे. राजाच्या हातातला तो कप म्हणजे एक जाहीरनामाच होता. १९३३मध्ये रत्नागिरीत सावरकरांच्या पुढाकारानं अखिल हिंदू उपाहारगृह निघालं. या दोन माणसांचे विचार किती वेगळे! तरी दोघांनाही कळलं होतं की जात मोडायची तर एक जागा चहाच्या टेबलावर आहे.

कायद्यालाही ते कळलं. १९४७मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधिमंडळानं अनुसूचित जातींवरचे सामाजिक निर्बंध दूर करणारा कायदा केला, वर्धा तेव्हा त्याच प्रांतात होतं. १९५०मध्ये राज्यघटना लागू झाली, तिचा अनुच्छेद १५(२) काढून वाचा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं... विहिरी आणि तलावांच्याही आधी उपाहारगृहांचा उल्लेख आहे. १९५५चा अस्पृश्यता (अपराध) कायदा आणखी बारकाईनं बोलतो. हॉटेल, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना यांतली लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणं हा त्यानं गुन्हा ठरवला. भांडी! संसदेला कप-बशांबद्दल कायदा करावा लागला. त्या आजोबांच्या वडिलांचा खुंटीवरचा कप त्या कलमात आहे.

दारूबंदीनं घडवलेलं ताट

आता आजच्या वर्ध्याकडे. बाहेरून येणारे मित्र विचारतात, "इथे मोठी रेस्टॉरंट्स कमी का?" याचं एक कारण चवीत नाही, परवान्यात आहे. वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. महाराष्ट्रात इतरत्र मध्यम आकाराच्या हॉटेलांचा नफा बऱ्याचदा परमिट रूममधून येतो, जेवणाच्या किमती त्या जोरावर धरता येतात. हा आधार काढून घेतला की हॉटेलवाल्याला फक्त जेवणावर आणि चहा-नाश्त्यावर उभं राहावं लागतं. मग जागा छोटी, नोकर कमी, गिऱ्हाईक जास्त फिरलं पाहिजे. पोहे, आलूबोंडा, कचोरी, सांबारवडी यांचं राज्य त्यामुळेच. (पुणेकरांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नव्हे.) जिल्ह्याची हद्द ओलांडली की रस्त्यावरच्या पाट्या लगेच बदलतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. चोरून दारू मिळत नाही असं मी म्हणत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण एका कायद्यानं जिल्ह्याच्या हॉटेलांचा आकार कसा ठरवला हे बघण्यासारखं आहे.

दुसरा बदल विद्यार्थ्यांनी केला. सेवाग्रामला १९६९मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आलं, १९९७मध्ये वर्ध्यात हिंदी विश्वविद्यालय आलं. देशभरची पोरं-पोरी आली आणि त्यांच्यासाठी घराघरांत मेस निघाल्या, डबे सुरू झाले. या धंद्याचा कणा बायका आहेत. मुंबईत गिरणगावातल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाखाली एकत्र आणलं, तेव्हा कुठे त्या बायका 'कामगार' म्हणून दिसू लागल्या. तोवर शेकडो माणसांचं पोट भरूनही त्या घरी बसणाऱ्याच समजल्या जायच्या. वर्ध्यातल्या मेसवाल्या काकू अजून तशाच आहेत. पाटी नाही, गूगलवर नाही. मी ज्यांच्याकडे दोन वर्षं जेवलो त्यांना 'तुमची मुलाखत घेऊ का' विचारलं तर हसल्या. "माझी कायची मुलाखत? जेवून घ्या आधी, पोळी थंडी होऊन राहिली."

तुमच्या शहरात कसं शोधाल?

तर 'लोकांना माहीत नसलेलं हॉटेल' शोधायची माझी रीत आता अशी आहे. कुठल्याही शहरात चालेल.

आधी जेवणारा शोधा, मग जेवण. मालधक्का, कापूस बाजार, सरकारी दवाखाना, कोर्ट, बसस्टँड, वसतिगृह, जिथे घरापासून लांब आलेली माणसं तासन् तास थांबतात तिथे कुणीतरी रांधत असतंच. दवाखान्यासमोरच्या खानावळीत पेशंटच्या नातेवाइकाला अर्धी पोळी-भाजी मागता येते का ते बघा, ती चांगली खानावळ.

मग नावं बदलून विचारा. 'चांगलं रेस्टॉरंट कुठं आहे?' असं विचारलंत तर तुम्हाला काच लावलेली जागा दाखवतील. 'तुम्ही स्वतः कुठं जेवता?' असं विचारा. त्यातही ऑटोवाला, हमाल, नर्स यांना विचारा.

तिसरं, घरातले कागद बघा. नगरपालिकेचा परवाना, अन्नभेसळ कायद्याखालची पावती, मेसचं कार्ड, उधारीची वही, लग्नातल्या आचाऱ्याच्या सामानाची यादी, हॉटेलसमोर काढलेला एखादा फोटो. आमच्यासाठी ही कागदपत्रं सोन्याच्या मोलाची. उधारीच्या वहीत कुणाचं नाव आहे यावरून त्या हॉटेलात कोण बसत होतं हे कळतं. कुणाचं नाव नाही, त्यावरूनही कळतं.

आणि शेवटचं, जे मला आजोबांनी शिकवलं. 'कुठं जेवायचात?' याच्या जोडीला 'कुठं आत जाता येत नव्हतं?' हेही विचारा. पहिल्या प्रश्नानं तुम्हाला चव मिळेल, दुसऱ्यानं शहर समजेल.

आता ते काम. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर या रविवारी त्यांना हे दोन प्रश्न विचारा आणि मोबाइलवर आवाज मुद्रित करून ठेवा. मला पाठवलंत तर आनंदच आहे, नाही पाठवलंत तरी चालेल, पण विचारा. मी ज्यांना भेटलो त्यांतल्या तिघांची दुसरी मुलाखत राहूनच गेली. त्या आजोबांचीही. त्यांच्या वडिलांचा कप कसा होता, चिनी मातीचा की ॲल्युमिनियमचा, हे मला पुन्हा गेलो की विचारायचं होतं. प्रबंधात त्या जागी आता एक रिकामी ओळ आहे आणि ती मी तशीच ठेवणार आहे.

त्या गावातलं ते हॉटेल अजून चालू आहे. नातू चालवतो. परवा गेलो होतो. भट्टीच्या जागी गॅस आलाय, कप कागदाचे झालेत, सगळ्यांना सारखे. आजोबांचा मुलगा आत बाकावर बसून पेपर वाचत होता. आम्ही एकेक आलूबोंडा घेतला. रस्सा झणझणीत होता. ठिकाण विचारू नका, सांगणार नाही. पण आता कसं शोधायचं ते तुम्हाला माहीत आहे.